पुठ्ठ्याच्या आड

वयाची पंच्याऐंशी उलटली म्हणून यंदा मतदानच माझ्या घरी आलं. कळंब्यातल्या माझ्या दोन खोल्यांत निवडणुकीची चार-पाच माणसं शिरली, बरोबर एक पोलीसही. दारात इतक्या चपला बऱ्याच दिवसांनी दिसल्या.

त्यांच्यातल्या साहेबांनी टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि म्हणाले, "आजी, मत गुप्त असतंय. घरात आणि कोण हाय, त्यांना जरा भाईर जायला सांगा."

माझं डोकंच फिरलं. "कोण न्हाय," मी म्हटलं. "पालीला सांगू काय भाईर जायला?"

कुणी हसलं नाही. मी पुठ्ठ्यामागं खूण केली, मतपत्रिका लहान पाकिटात घालून डिंकानं चिकटवली, ते पाकीट मोठ्यात घातलं आणि मोठं त्यांच्या सीलबंद पेटीत टाकलं. चहा टाकते म्हटलं, तर मतदाराकडं काही घ्यायचं नाही, असा नियम निघाला. सकाळी दूध मात्र मी जादा घेऊन ठेवलं होतं.

आमचे हे होते तेव्हा मत देऊन शाळेच्या फाटकाबाहेर आलो, की दरवेळी विचारायचे, "कुणाला दिलंस?" मी म्हणायची, "तुमाला काय करायचंय?" भांडणं झाली, अबोला झाला, पण जन्मभर सांगितलं नाही.

त्यांची गाडी गेल्यावर मी दार लावलं आणि मत कुणाला दिलं ते नाव मोठ्यानं सांगितलं. मग आणखी एकदा, अजून मोठ्यानं. ह्यांना कमी ऐकू यायचं.