काळ्या स्क्रीनची लाज

आमच्या कंट्रोल रूममधल्या जुन्या सिस्टिमला एक खोड आहे. फाइल सुधारून सेव्ह केली तरी ती जुनी पुसत नाही, नवी तिच्या शेजारी ठेवते. आमच्या फजितीचंही तेच! नवी झाली तरी जुनी जागची हलत नाही. चहाला बसलो की एकेक निघते, मित्र खो-खो हसतात अन् मी आपला कपात बघत बसतो.

काम मोठं आहे बरं. अर्ध्या नागपूरची वीज कुठून कुठं चालली, ते ही सिस्टिम दाखवते. ती कधी बंद पडत नाही. लाज आणतो ते आम्ही!

*

हेड ऑफिसचे एक तरुण साहेब आले. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं. म्हणाले, "हे चालू कधी करता?"

"चालूच आहे साहेब," बोरकर म्हणाला. "तुम्ही शाळेत होते तेव्हापासून!"

बोरकर म्हणजे ही सिस्टिम कळणारा आमच्यातला एकमेव माणूस. साहेबांनी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, "नागपूरचं म्युझियम!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात माझा साडूही!

पण त्यावरूनच वर चर्चा निघाली, ही काढूनच टाकू. सिस्टिम गेली की बोरकरची बदली मुंबईला. प्रताप नगरात त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना त्याच्याशिवाय कुणाच्या हातचा घास चालत नाही. आम्ही सगळेच धास्तावलो.

*

एक पार्ट गेला. कंपनीनं तो बनवणंच सोडलेलं. मी अन् बोरकर कबाड्याकडे गेलो. ढिगात सापडला! मी पाकीट काढलं तर कबाडी म्हणाला, "राहू द्या साहेब. बिजलीवाल्यायची हालत अशी झाली का?"

वरून चहा पाजला! मी गळ्यातलं ओळखपत्र हळूच खिशात सरकवलं.

*

बोरकर रामटेकला दर्शनाला गेला अन् स्क्रीनवर कधी न पाहिलेला मेसेज आला. मी ऑफिसच्या फोनवरून ऐटीत कंपनीच्या हेल्पलाइनला इंग्रजी झाडलं. पोरगी म्हणाली, "सर, या व्हर्जनचे एकच एक्स्पर्ट आहेत. नंबर घ्या."

मी स्पीकर लावला, नंबर फिरवला. "गुड आफ्टरनून, सर!"

"गडाच्या पायऱ्यांवर आहे गा," पलीकडून बोरकर म्हणाला. "काय झालं?"

*

दसऱ्याला सिस्टिमची पूजा केली. हळद-कुंकू कीबोर्डात सांडलं, एक बटण चिकटलं अन् सगळ्या सबस्टेशनांना मेसेज गेला, "ओओओओओ".

लगेच एकाचा फोन! "काय झालं बाप्पा? कोण रडून राहिलं तिथं?"

*

शेवटी कमिटी आली. सिस्टिम ठेवायची की काढायची, त्याच दिवशी ठरणार होतं.

आता आमच्या खोलीची एक रीत सांगतो. आपण दुकान 'बंद' करत नाही, वाढवतो. बांगडी 'फोडत' नाही, वाढवतो. तसा आमच्या खोलीत 'बंद' हा शब्दच नाही. सिस्टिमच्या जोडीला ठेवलेलं जादा मशीन बंद करायचं असलं की बोरकर म्हणणार, "वाढव गा ते!" आमचा ऑपरेटर ठाकरे हेच ऐकत काम शिकला.

त्या सकाळी बोरकरनं त्याला बजावलं, "आज काहून म्हणून विचारायचं नाही. मॅडम म्हणतील ते गुपचूप करायचं. माह्या बापाचा सवाल आहे."

कमिटीच्या मॅडम पुण्याच्या, मोठ्या गोड बोलणाऱ्या. त्यांनी सगळं तपासलं. एक चूक निघाली नाही! बोरकरला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ठेवतोय आपण ही. तुम्हीही इथंच." बोरकरचे डोळे भरले. माझेही भरले, खोटं कशाला बोलू?

जाता जाता मॅडम ठाकरेच्या खुर्चीपाशी थांबल्या. त्याच्या पाठीवर हात ठेवून कौतुकानं म्हणाल्या, "वाढवा हं ही सिस्टिम!"

ठाकरे दचकला. त्यानं बोरकरकडे पाहिलं. भरल्या डोळ्यांनी बोरकरनं मान हलवली.

खटाखट बटणं वाजली. हिरवी अक्षरं गेली. सगळ्या सबस्टेशनांचे फोन एकदम वाजायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, हे काय झालं?" मॅडम ओरडल्या.

ठाकरे अदबीनं उठून उभा राहिला.

"वाढवली, मॅडम!"