भाविकाला मी सुचवलेला क्लास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — जाऊ द्या, कारणबिरण काही नाही.

नंदुरबारात बॅले म्हटलं की लोक हसतात. पण सात वर्षांपूर्वी इथे एकदम दोन क्लास निघाले होते. माझी ऋचा तेव्हा नऊ वर्षांची, आणि मी शाळेतली बाई — मी काय तिला उगाच कुठेही टाकणार होते? दोन्हीकडे जाऊन बसले, निरखून पाहिलं. एका क्लासच्या मॅडमनी फरशीवर लाकडी फळ्या बसवून घेतल्या होत्या. वर्षभर मुलींनी दांडा धरून गुडघे वाकवायचे, बस्स. स्टेज नाही, मेडल नाही. बोटांच्या टोकांवर उभं राहायला अजून तीन-चार वर्षं, हाडं कोवळी असतात, म्हणाल्या. दुसरा क्लास बाजारात, एका दुकानाच्या वर. गुळगुळीत फरशी, भिंतभर आरसे, आणि एक सर — दुसऱ्याच महिन्यात पोरींना टणक बूट घालून बोटांवर उभं करणारे. एका मुलीच्या मांड्या ते पायाने दाबत होते आणि ती रडत होती. मी ऋचाचा हात धरून बाहेर पडले आणि तिला मॅडमकडे घातलं. म्हणजे मला कळत होतं. सगळं कळत होतं.

ऋचाचे फ्रॉक निर्मला शिवायची. मागच्या गल्लीत राहते, माहेर रनाळ्याचं, शिवणकामावर घर चालवते. तिची भाविका अगदी ऋचाच्याच मापाची. त्यामुळे ऋचा क्लासला गेलेली असली की निर्मला फ्रॉक भाविकाच्या अंगावर चढवूनच टाचण्या लावायची. एका रविवारी तसाच फ्रॉक घालून ती पोरगी आमच्या ओट्यावर उभी राहिली, आणि ऋचाला महिनोन्महिने न जमलेलं तिने सहज करून दाखवलं. नुसतं पाहून शिकलेली! मी टाळ्या वाजवल्या. आणि आत — आत काय झालं? शिसारी येते सांगायला. नऊ वर्षांच्या पोरीचा मला राग आला. शिवणाऱ्या बाईच्या पोरीने माझ्या पोरीच्या फ्रॉकमध्ये माझ्या पोरीपेक्षा छान नाचावं?

"ताई, तुम्हले समदं समजस," निर्मला म्हणाली. "मन्ही पोरले कोणता क्लासमा टाकू? तुम्ही सांगशात तठेच टाकसू."

मी बाजारातला क्लास सांगितला. नुसता सांगितला नाही, गोडवे गायले — सर हुशार, वर्षाच्या आत स्टेजवर नेतात, तुझ्या पोरीचं सोनं होईल. वर मॅडमकडे जागाच नाही म्हणून ठोकून दिलं. जागा होती. चांगली दोन-तीन मुलींची होती. आणि किती पटकन जमलं मला ते! जिभेला हाड नसतं म्हणतात, तेच खरं.

आठ महिन्यांत भाविकाचा घोटा गेला. उडी मारून फरशीवर उतरली ती वाकडीच. प्लास्टर, मग शेक, मग मालिश. आज ती चालते, फिरते, पण चवड्यांवर उभी राहिली की पाय दगा देतो. नाच संपला. मी सफरचंदं घेऊन भेटायला गेले — हो, गेले ना! — आणि निर्मलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "नशीब गं बाई." नशीब! थू माझ्यावर. ती उलट मलाच समजावत होती, "ताई, तुम्ही कसाले वाईट वाटी लेतस? तुम्ही तर भलासाठेच सांगं व्हतं."

ऋचाचं विचाराल, तर तिने दीड वर्षात बॅले सोडला. कंटाळा आला म्हणाली.

गेल्या महिन्यात भाविका दहावी पास झाली. निर्मला पेढे घेऊन आली, आणि पुन्हा तोच प्रश्न — पोरीला कोणत्या कॉलेजात टाकू? तिला विचारायला माझ्याशिवाय आहे कोण? तेव्हा खरं सांगता आलं असतं. दोघी समोरच होत्या. भाविका खुर्चीत बसली होती, मी म्हणेन ते लिहून घ्यायला वही उघडून. मी चष्मा लावला, आणि कॉलेजांची नावं सांगायला सुरुवात केली.