मित्राच्या घराचं भाडं

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मास्तरकी केली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. खोटी हजेरी, खोटं बिल, खोटा दाखला दिसला की माझं डोकं सणकायचं. मग समोर शिपाई आहे की सभापती, हे मी पाहत नसे. बायको होती तोवर म्हणायची, "तुमचं खरं असते, पण तुमचं बोलणं असं की माणसाले खऱ्याचाच कंटाळा येते." तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

सिंदी मेघेत माझं घर आहे. त्याला लागून जे दुमजली घर आहे ते माझ्या मित्राचं. आम्ही दोघं वडनेरचे, एका बाकावर बसून शिकलो. तो इंजिनीअर झाला, अमेरिकेत गेला, तिकडचाच झाला. अकरा-बारा वर्षांपूर्वी माझ्या बाजूचा प्लॉट घेतला, घर बांधलं, म्हणाला, "म्हातारपणी बाजूबाजूनं राहू." आला काही नाही. घर भाड्यानं दिलं. किल्ली माझ्याकडे, भाडेकरू पाहायचा मी, नळ गळला तर प्लंबर बोलवायचा मी. आणि भाडं यायचं तेही माझ्याच खात्यात.

"माझ्या खात्यात घेतलं की लफडी," असं तो म्हणाला होता. "तू घेऊन ठेव. डिसेंबरात आलो की देजो."

दर डिसेंबरात तो पंधरा दिवस येई, मी पैसे काढून देई. कागद नाही, पावती नाही, कोणत्याच भाडेकरूशी करार नाही. आमच्या दोघांत कागद लागत नाही, हे मी चार लोकांत छाती फुगवून सांगायचो.

म्हणजे कर बुडत होता. मला हे कळत नव्हतं असं नाही, मी काही खुळा नाही. मुलगी तिकडे शिकायला गेली तेव्हा मी दोन महिने त्याच्या घरी राहून आलो. तिथे हा माणूस जेवणाच्या टेबलावर एकेक पावती लावत बसायचा. "इथं एक डॉलर लपवला तं घर विकाव लागते," म्हणाला. मी विचारलं, "अन् सिंदी मेघेचं भाडं?" तो हसला. "थे इथं कोणाले दिसते बे?" मीही हसलो. माझी मुलगी त्या वेळी त्याच्याच घरी राहत होती. पुरं एक वर्ष राहिली, खाल्लं, प्यायलं. तिला कावीळ झाली तेव्हा त्याची बायको कामाला सुट्टी टाकून तिच्या उशाशी बसली होती. ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्या घरचे वासे कोण मोजते?

तीन वर्षांपूर्वी खालच्या दोन खोल्यांमध्ये नवी भाडेकरीण आली. ती दवाखान्यात वॉर्डात कामाला, नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्यांना एक मुलगी. आई ड्युटीवर गेली की ती पोरगी माझ्या ओसरीत येऊन बसायची. मी पेपर वाचायचो, तीही वाचायची. आधी अक्षरं, मग मथळे, मग एक दिवस राशिभविष्य वाचून मला सांगितलं की आज तुम्हाला प्रवास घडणार आहे. पाच वर्षांची होती तेव्हा. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून हजारो पोरं गेली. अशी पोरं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली.

गरिबाच्या लेकरांसाठी खासगी शाळांमध्ये काही जागा फुकट ठेवाव्या लागतात. अर्ज करायचा, सोडत निघते, नंबर लागला तर आठवीपर्यंत फी नाही. आमच्याकडून पाऊण किलोमीटरवर चांगली शाळा आहे. मीच अर्ज भरला. राहण्याच्या पुराव्यापाशी अडलो, कारण त्या बाईचं राशन कार्ड आणि आधार, दोन्ही सासरच्या गावचे. भाड्यानं राहणाऱ्याला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. ती म्हणाली, "गुरुजी, आपल्याजवळ तं करार नाई." मी म्हणालो, "त्याची काळजी तू करू नको. घरमालक माझ्या शब्दाबाहेर नाई."

नंबर लागला. बाईनं त्याच संध्याकाळी मुलीला दप्तर आणलं. समितीकडून कागद तपासून घ्यायला आठ दिवसांची मुदत होती.

मी सकाळीच फोन लावला. तिकडे तो जेवून बसला होता. आधी खुशाली झाली, मग मी कराराचं काढलं.

"अबे, रजिस्टर करार म्हणजे माझा पॅन आला. एकदा कागद झाला की दहा वर्षांचं विचारतेत. तिकडचे विचारतेत, मंग इथलेबी विचारतेत. तू मास्तर आहेस, तुले हे सांगाव लागते का?"

"लेकराच्या शाळेचा प्रश्न आहे."

"मंग तिले म्हणाव, करार करून देणारं दुसरं घर पाह्य. मी काई कोणाले बांधून ठेवलं नाई." मग म्हणाला, "तुझी पोरगी रविवारी आलती जेवायले. जावईबी होता. मजेत आहे दोघं."

त्यानं धमकी दिली नाही. तसा तो माणूसच नाही. नेहमी सांगतो तसं सांगितलं. मीच फोन ठेवल्यावर ते वाक्य चघळत बसलो.

तिसऱ्या दिवशी बाई आली. दारातच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, एक म्हणू? तुमच्या घराचा करार करून द्या ना मले. मी तुमच्या घरी राह्यते असं दाखवा. काम झालं की फाडून टाकू."

मी खवळलो. "आजवर खोट्या कागदावर सही केली नाई मी. तू मले हे सांगून राह्यली?" ती माफी मागत मागत गेली. गेटची कडीसुद्धा आवाज न करता लावली तिनं.

अन् मग त्याच रागाच्या भरात मी ठरवलं की तक्रार करायची. करायचीच. तिकडे साव बनून फिरतो आणि इकडे लेकराची शाळा बुडवतो म्हणजे काय? फुलस्केप कागद घेतला, समास आखला आणि आयकर अधिकाऱ्यांना अर्ज लिहायला बसलो. वळणदार अक्षरात लिहिलं: मालकाचं नाव, परदेशातला पत्ता, घर कुठे, किती वर्षांपासून भाड्यानं. लिहिताना बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? हेडमास्तर होतो तेव्हासारखं वाटत होतं.

मग वाक्य आलं: 'सदर भाडे दरमहा' – आणि पुढे कोणाच्या खात्यात ते लिहायचं होतं. मी कपाटातून पासबुकं काढली. दहा वर्षं, दर महिन्याला, माझं नाव. माझा रिटर्न भरून देणाऱ्या माणसानं एकदा विचारलं होतं, "गुरुजी, हे दर महिन्याचं काय आहे?" मी म्हणालो होतो, "मित्राची ठेव आहे." त्यानं पुढे विचारलं नाही. गुरुजी खोटं कशाला बोलतील?

घर त्याचं, पण भाडं घेणारा मी. त्याच्या चोरीला जागा दिली माझ्या खात्यानं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं मी पोरांना म्हण म्हणून शिकवत होतो.

पेनाला टोपण लावलं. पेन्शन अडकायची भीती होती, मुलगी दर रविवारी ज्या घरी जेवते त्या घराची भीती होती. पण सर्वांत मोठी भीती वेगळीच होती. चौकात लोक म्हणतील, गुरुजीबी तसेच निघाले. लाज वाटते सांगायला, पण तीच सर्वांत मोठी होती.

मनाची समजूत घालायला कारण सापडलंच. तक्रार करून या पोरीला जागा थोडीच मिळणार होती? आठ दिवसांत सरकार काय करते? हे खरंच होतं. पण हेही खरं की तो अर्ज पाठवायची गरजच नव्हती. एक फोन पुरला असता: करार कर, नाहीतर हे पाठवतो. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, त्यानं मुकाट्यानं सगळे कागद पाठवले असते. आमची पन्नास वर्षांची दोस्ती तुटली असती, माझंही नाव निघालं असतं, पण पोरगी शाळेत गेली असती. उरलेले दिवस अर्ज टेबलावर पडून होता आणि फोन माझ्या खिशात होता. रोज सकाळी तिकडे किती वाजलेत हे मी मोजायचो आणि चहा करायला उठायचो.

मुदत संपली त्या संध्याकाळी बाई आली, मुलीला घेऊन. ड्युटीवरून थेट आली असावी, अंगाला दवाखान्याचा वास येत होता.

"समितीनं नाई म्हटलं," मी म्हणालो. "घरमालक परदेशात असला की त्यांच्या नियमात बसत नाई."

असा नियम नाही. हे बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं मला अजून नवल वाटते.

तिनं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "तुमी तरी काय कराल, गुरुजी. आमच्यासाठी एवढं कोण करते? त्या दिवशी मी भलतंच बोलली, ते मनावर घेऊ नोका." आणि मुलीकडे वळून म्हणाली, "आजोबाच्या पाया पड."

पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मोठी हो म्हणालो.

ती उठली आणि माझ्याकडे पाहून तिनं विचारलं, "आजोबा, मले काऊन नाई घेतलं? मले तं वाचता येते. माझं काई चुकलं का?"

"नाई," मी म्हणालो.

"मंग कोणाचं चुकलं?"

"कोणाचंच नाई," तिची आई म्हणाली. "चाल, आजोबाले आराम करू दे."

मी पोरीला तसंच जाऊ दिलं.