आसराच्या दगडाचा ठसा

बाईची तेरवी करून धाडहून, तिच्या सासरच्या गावाहून, आलो, त्याला आता बरेच दिवस झाले. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. तिच्याबद्दल रोज थोडं लिहायचं ठरवलं आहे, पण लिहायला बसलं की त्या एका दुपारपाशीच येऊन थांबायला होतं. तेव्हा ती दुपारच आधी लिहून टाकतो.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. तोवर आमच्या बुलढाण्याकडच्या मुलांची शिकायची वाट नागपूरकडे जायची. नवं राज्य झाल्यावर पुण्या-मुंबईच्या जाहिराती आमच्याही कॉलेजच्या फळ्यावर लागू लागल्या. मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेला जुने शिलालेख गोळा करण्यासाठी नवे पदवीधर हवे होते. दोन वर्षांची विद्यावृत्ती, राहायची सोय आणि हाताला धरून काम शिकवणारे प्राध्यापक, असं सगळं होतं. वऱ्हाडातून मात्र एकच जण घेणार होते. मी अर्ज केला. गाव त्याला ‘स्कालरशिप’ म्हणे.

वडिलांना ते पसंत नव्हतं. तालुक्याच्या गावी शाळामास्तरची एक जागा त्यांनी माझ्यासाठी बोलून ठेवली होती. “दगडं वाचून कोणाचं पोट भरलं बे?” असं ते जेवताना म्हणत, आणि मी खाली मान घालून जेवत असे. तेव्हा बाई धाडहून माहेरी आली होती. ती त्यांना म्हणाली, “एवढा निकाल लागू द्या ना बावा. नाही जमलं तं मास्तर हाईच तो.” वडील कबूल झाले. निवड झाली तर पुणं, नाही झाली तर लगेच शाळेत रुजू व्हायचं आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही, असं ठरलं.

प्राध्यापकांची निवडीची रीत वेगळी होती. उमेदवाराने आपल्या भागातला, आजवर कुणी न छापलेला एक लेख शोधायचा, दगड साफ करून ठेवायचा आणि ते आले की त्यांच्या डोळ्यांदेखत ठसा घ्यायचा. घरून आणलेला ठसा ते बघत नसत. ठसा घ्यायची कृती त्यांनी टपालाने कळवली होती, कागद आणि शाईही पाठवली होती. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ताठ केसांच्या ब्रशने ठोकत ठोकत तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, मग कापडाच्या बोळ्याने वरून हलकी शाई लावायची. खाचांत शाई जात नाही, म्हणून काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. कागद सुकत आला की सोडवायचा. घाई केली तर फाटतो. मी आईच्या पाट्यावर सराव केला. पाट्याच्या टाक्यांचे ठसे घरभर वाळत पडलेले असत आणि आई म्हणे, “आता वरवंट्याचाबी फोटो काढून घे.”

रोहिणखेडच्या मशिदीतले लेख जाणकारांनी केव्हाच पाहिलेले होते. आमच्या गावच्या बारवेतला दगड मात्र कुणाला माहीत नव्हता. पायऱ्या उतरून खाली गेलं की पाण्याच्या वर एका कोनाड्यात तो होता. गाव त्याला आसरा म्हणून पुजत असे. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. त्या प्रसन्न असल्या तर लेकरंबाळं सांभाळतात, रागावल्या तर माणसाला पाण्याकडे ओढतात, असं आमच्याकडे मानतात. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर आणि तेल चढून त्या दगडाचा नुसता लाल गोळा झाला होता. एका कडेची खपली पडली होती आणि तिथं मला अक्षराचा काना दिसला होता.

शेंदूर उतरवायला गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याची परवानगी लागली. सगळे त्यांना आबा म्हणत. आबा म्हणाले, “आसराचं लेणं हाये ते. उतरव, पण हळू. आन्‌ खपल्या इकडंतिकडं फेकू नको, नदीत सोडजो.” मी बांबूच्या कामटीने रोज थोडं थोडं उतरवत गेलो. खालून पाच ओळी निघाल्या. बारव कुणी बांधली, कधी बांधली, असं काहीतरी होतं. दगड कोरडा, स्वच्छ करून ठेवला.

प्राध्यापक मलकापूरला गाडीतून उतरून एस.टी.ने येणार होते. मी त्यांना घ्यायला फाट्यावर गेलो. धोतर, कोट, हातात कातडी पिशवी. वाटेत ते फारसं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की दुपारची बस त्यांना चुकवता येणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याकडचा एक उमेदवार बघायचा आहे.

बारवेच्या पायऱ्या मी पुढे उतरलो. कोनाड्यापाशी आलो आणि पाय तिथंच थांबले.

दगड लालभडक होता. ओला शेंदूर, तेल ओघळून खालच्या पायरीपर्यंत आलेलं. वर हिरवा खण, पुढे दहीभाताचा द्रोण, एक पणती जळत होती.

प्राध्यापक माझ्या मागून खाली आले. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“साफ केला म्हणून लिहिलं होतंत ना तुम्ही?”

“केला होता.”

“मग हे काय?”

वरच्या पायरीवरून बाईचा आवाज आला. “म्या लावलं साहेब. आज त्याचं काम हाये. देवाले उघडंनागडं ठेवून कामाले यश कसं येईन?”

ती पदर डोक्यावर घेऊन उभी होती. तोंडावर इतकं समाधान होतं की मला तिच्याकडे बघवलं नाही. शुभ कामाच्या दिवशी देवाला नटवायचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पहाटेच उठून, आंघोळ करून, उपाशीपोटी ती हे करून आली होती. दगड उघडा लागतो हे मी घरात कुणालाच समजावून सांगितलं नव्हतं. आपल्याला जे ठाऊक ते घराला ठाऊकच असणार, असं मी धरून चाललो होतो.

“यावर कागद बसेल?” प्राध्यापकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, परीक्षा होती.

“नाही. तेल आहे.”

“मग ठरवा काय ते.” ते पायरीवर रुमाल टाकून बसले.

तोवर वर दहापंधरा माणसं जमली होती. मी कामटी उचलली तसे आबा म्हणाले, “काऊन बे? सकाळी चढवलं आन्‌ दुपारी उतरवतं? आधीचं जुनं होतं, त्याची गोष्ट वेगळी. हे नवसाचं हाये. बरं नाही ते.” कुणीतरी मागून पुस्ती जोडली, “पुण्याले जाईन तो. भोगावं लागीन गावाले.” एकजण हसला. बाकीचे हसले नाहीत.

बाई भराभर खाली आली. काय झालं ते तिला एव्हाना कळलं होतं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

“याच्यानं तुहं काम अडलं?”

मी मान डोलावली.

“आन्‌ हे नाही निघालं तं?”

“तर शाळा.”

तिने दगडाकडे पाहिलं. मी हात पुढे केला, तर तिने मनगट धरलं. “तू हात नको लावू. घरून कढत पाणी आण, रिठे आण. चुलीतली राखबी आण.”

“अवं पोरी, ध्यानावर हाये काय तू?” आबा वरून म्हणाले.

“म्याच लावलं, म्याच काढतो आबा. तुमच्यावर काही येत नाही.”

मी धावत जाऊन सगळं आणलं. बाईने आधी खण काढून डोक्याला लावला, पणती बाजूला ठेवली. मग रिठ्याचा फेस करून चिंधीने दगड पुसायला सुरुवात केली. मी तिच्या शेजारी पाण्याची बादली धरून उभा होतो. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, काही स्तोत्र वगैरे म्हणत असेल. मग शब्द ऐकू आले. “त्याच्याकडं पाहू नको माय. काढणारी मी हावो. माह्याकडं पाह्य.” हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि हात थांबत नव्हता. कोपरापर्यंत लाल पाणी ओघळत होतं.

दगड दिसू लागला. मी पहिला कागद लावला. तो ठोकायच्या आधीच खाली सरकला. खाचांत तेल राहिलं होतं. प्राध्यापकांनी घड्याळ काढून पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. बाईने मूठमूठ राख दगडावर चोळली, मी ती ब्रशने अक्षराअक्षरातून झाडून काढली, पुन्हा चोळली, पुन्हा झाडली. दुसरा कागद लावला. तो चिकटून राहिला. मी ठोकायला लागलो. बारवेत त्या ठोकण्याचा आवाज घुमत होता.

शाई लावून झाली, पण बारवेतल्या गारव्यात कागद सुकेना. बाई पदराने वारा घालत राहिली. प्राध्यापक उठून उभे राहिले. आता सोडवावा तर फाटेल, न सोडवावा तर बस जाईल. मी वरची कडा धरली, बाईने खालची. तिने आधी हात लुगड्याला कोरडे पुसले. कागद अंगुळ अंगुळ सुटत आला. खालच्या कोपऱ्यात फाटला, बाकी अख्खा निघाला.

प्राध्यापकांनी तो उजेडात धरला. “वाचा.”

मी वाचू लागलो. चार ओळी नीट लागल्या. शेवटच्या ओळीत, जिथं वर्ष होतं तिथं, तेलामुळे नुसता काळा डाग आला होता.

“इथे काय आहे?”

दगड साफ केला तेव्हा मी ते आकडे पाहिले होते. मला ते पाठ होते. बाई माझ्याकडे बघत होती.

“दिसत नाही,” मी म्हणालो.

“आधी पाहिलं असेल की.”

“पाहिलं होतं. पण ठशात आलं नाही.”

कागद गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवला आणि पायऱ्या चढू लागले. मी फाट्यापर्यंत त्यांच्यामागून चालत गेलो. बस लांबून धूळ उडवत येत होती. “आमच्या घरीही उंबऱ्याला कुंकू लावल्याशिवाय कुणाला परीक्षेला सोडत नसत,” ते म्हणाले. मग म्हणाले, “उद्याच्या उमेदवाराला बघतो. पण तुम्ही सामान बांधायला हरकत नाही.”

मी परत आलो तेव्हा माणसं पांगली होती. बाई बारवेत एकटीच बसली होती, अजून उपाशी. “काय म्हणाले?” मी सांगितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती उठली. “चाल, भूक लागून राह्यली,” म्हणाली.

दोन वर्षांच्या त्या विद्यावृत्तीतून माझं पुढचं सगळं आयुष्य निघालं. बारवेतलं बाईचं बोलणं मी तिला पुष्कळ वर्षांनी एकदा विचारलं. तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. ती म्हणाली, “कोणतं बे? मले तं याद नाही.” आणि मग हसत, “तू पुण्याले गेला, मी धाडले गेली. आसराले कोणाचा पत्ता सापडते?”

मी ते खरं मानलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि ती तर शेवटपर्यंत चांगली म्हातारी होऊन, अंथरुणावर, लेकीसुनांच्या हातचं पाणी पिऊन गेली.

तेरवीच्या दिवशी तिची सून मला चहा द्यायला आली; बाईला ती आत्याबाई म्हणे. बसली, पदराला डोळे पुसले आणि सहज म्हणाली, “मामाजी, आत्याबाई सगळ्या कामाले वाघीण होत्या. पण मळ्यातल्या विहिरीवर एकट्या कधी गेल्या नाहीत. कोणी संगं असलं तरच. आम्ही हसत होतो त्याहिले. तुम्हाले ठावं हाये काय, काऊन ते?”

मी कप खाली ठेवला. तिला काय सांगावं, मला सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.