मागच्या खोलीतलं विमान

आधीच सांगते, माझं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं येतं आणि वेलांटी पहिली की दुसरी हे लिहिताना कळत नाही. शाळा चौथीत सुटली. चुकलेलं सावरून वाचावं, राग मानू नये. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण कधी कुणाच्या हाती लागलंच तर म्हणून सांगितलं. मधुभाऊजींना जाऊन दीड महिना झाला. ते माझे धाकटे दीर. त्या दिवशी मी चुलीपुढं होते. माझे मालक नांदेडच्या दवाखान्यातून पुढं निघून आले होते, गाडी मागून येत होती. ते उंबऱ्यातच बसले, पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. माझे सासरे ओसरीवरच्या बाजेवरून म्हणाले, "मध्या कुठाय?" मालकांनी नुसतं रस्त्याकडं बोट केलं... मला तेव्हा रडू आलं नाही. खोटं कशाला लिहू, राग आला. मागच्या खोलीत त्यांचं लाकडी विमान तसंच होतं, खिळ्याला हेडफोन टांगलेला होता, आणि एवढी डोकेफोड करून, सगळ्या घराचा जीव खाऊन हा माणूस निघून गेला, असा राग.

भाऊजींना विमानाचं वेड बांगलादेशच्या लढाईपासूनचं. तेव्हा ते शाळेत होते, बाळापूरच्या हॉटेलातल्या रेडिओपुढं उभे राहून बातम्या ऐकायचे. पुढं हिंगोलीला कॉलेजात गेले आणि विमान चालवायला शिकवतात तिथली परीक्षा दिली. लेखी निघाली. मग म्हणे एका खुर्चीत बसवतात, हातात दांडा, पायाखाली दोन पट्ट्या, समोर हलणारा ठिपका आणि कानाला हेडफोन. हातपाय चाललेले असतानाच कानात हुकूम येतो, आणि तोही पाळायचा. कानात पहिला आवाज आला आणि भाऊजींचे हातच थांबले. नापास झाले. वयाच्या हिशोबानं अजून एकदाच बसता येणार होतं. म्हणून त्यांनी मागच्या खोलीत विमान केलं. मोडकी खुर्ची, फावड्याचा दांडा, सायकलची पायडलं, आणि समोर दोरीला बांधलेली चेंडूएवढी कापडाची गाठ. तिथवर ठीक होतं. पण हेडफोन आला आणि घरातली शांती गेली.

हेडफोन मिलिटरीच्या भंगारातला. वारंगा फाट्यावर रशीदभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांनी तो भाऊजींना उधारीवर दिला, सोबत माइक आणि आवाज वाढवायची सेलवरची पेटी. माइकच्या पोटात कोळशाचा भुगा असतो. तो दबून बसला की आवाज जात नाही, म्हणून बोलायच्या आधी माइकला टिचकी मारायची. लांब वायर टाकून माइक माझ्या चुलीपाशी ठेवला. हुकूम कागदावर लिहिलेले होते. मालक दिवसभर कापसाच्या जिनिंगवर कामाला, मामंजींना वाचता येत नाही, म्हणून बोलायचं काम माझ्यावर आलं. आवाज फक्त हेडफोनातूनच यायला पाहिजे, नाहीतर सरावाला अर्थ नाही, असं भाऊजींनी बजावलं होतं.

मी टिचकी मारायची, बोलायची. आतून आवाज यायचा, "वहिनी, बोला ना."

"बोलले की."

"काय बोलल्या?"

"डावीकडं वळा."

"हे तर दाराला कान लावला म्हणून ऐकू आलं. हेडफोनात नुसती खरखर हाये."

मग पेटी उघडली जायची. वायर सोलायची, जोडायची, पुन्हा सोलायची. सेल उन्हात ठेवायचे. माझी सांडशी, माझी कात्री, दिव्याचं तेल, सगळं मागच्या खोलीत. भाजी करपायची आणि मी वेड्यासारखी कोळशाच्या भुग्याला टिचक्या मारत बसायची. मामंजी ओसरीवरून विचारायचे, "उडालं का रे इमान? का आजून कोळसा पायजे?" भाऊजी चिडून सगळं पिशवीत भरायचे आणि बस धरून फाट्यावर जायचे. तिथं रशीदभाई माइकमध्ये बोलले की खणखणीत ऐकू यायचं. घरी आणलं की खरखर. असं कितीदा झालं. भाऊजींनी घराच्या ओलीला दोष दिला, चुलीच्या धुराला दिला, दारातल्या म्हशीलासुद्धा दिला.

शेवटी रशीदभाईच घरी आले. चुलीपाशी उकिडवे बसून माइकमध्ये म्हणाले, "मधुभाई, चाय पिणार का?" आतून भाऊजी ओरडले, "ऐकू आलं, पिणार." मग रशीदभाईंनी माइक माझ्याकडं दिला. मी टिचकी मारली, वाचलं. आत सामसूम. रशीदभाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा ओसरीकडं पाहिलं, आणि उठून भाऊजींना म्हणाले, "मशीन बराबर हाये. तकलीफ दुसरीकडं हाये." मामंजी ओसरीवर असताना मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. लग्न होऊन आले तेव्हापासून पदराचा काठ ओठांवर धरून बोलायचं, तसंच मी माइकमध्येही बोलत होते. भाऊजींनी चार महिने पेटी उघडून पाहिली, पण स्वयंपाकघरात येऊन एकदा बघितलं नाही. आणि मला तरी काय कळत होतं, पलीकडं काय पोचतंय ते.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना मामंजींनी घोंगडी खांद्यावर टाकली. "माझं इथं काय अडलंय? मी जरा विहिरीवर बसतो," म्हणाले आणि गेले. मग रोजच जायला लागले. पण मामंजी विहिरीवर गेलेत हे माझ्या गळ्याला कोण सांगणार? आवाज निघायचाच नाही. भाऊजी एकदा वैतागून म्हणाले, "वहिनी, हेडफोन आणला, माइक आणला, वायर आणली. आता तुमचा आवाज कोणत्या दुकानातून आणू?" मला इतका संताप आला की पिठाचा हात मी माइकवर आपटला. "हे चांगलं ऐकू आलं," आतून उत्तर आलं. आम्ही दोघंही हसलो, पण माझा राग गेला नव्हता. त्यापुढं त्यांनी वायरींना हात लावला नाही. डोळे मिटून, मान खाली घालून ऐकायचे आणि मी पुटपुटलेले हुकूम भाऊजी हळूहळू बरोबर पाळायला लागले. मला वाटलं कागद पाठ झाला असेल. मी हुकूम उलटसुलट वाचले, तरी बरोबर.

परीक्षेहून आले ते थेट चुलीपाशी येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, तिथं हेडफोनात इतका मोठा आवाज आला की मला हसूच आलं. तुमचं ऐकायची सवय ना. एक हुकूम चुकला न्हाई." मी विचारलं, "मग पास?" ते म्हणाले, "कानानं पास. डोळ्यानं परत धाडलं. डॉक्टर म्हणाला डोळे पिवळे हायेत, आधी दवाखाना बघा." कावीळ पोटात कधीची मुरली होती. नंतर दोन महिनेच राहिले... जेवण जात नाही म्हणायचे, तर मी समजायची हेडफोनच्या पायी. थकायचे, तर मामंजी म्हणायचे, जागरणं कर आजून. त्या परक्या डॉक्टरला एका नजरेत दिसलं आणि आमचं सगळं घर वायरींकडं बघत बसलं होतं. याचा राग कुणावर काढू, ते मला अजून सुचत नाही.

विमान मोडून लाकडं रचून ठेवली. हेडफोन खिळ्याला आहे. त्याच्या गादीला भाऊजींच्या डोक्याच्या तेलाचा वास येतो. मला एक खोड लागली आहे. मिठाचा डबा उघडताना, दार लोटताना, आधी बोटानं टिचकी मारते आणि मग लक्षात येतं.

हेडफोनची उधारी अर्धी राहिली होती. यंदा कापूस वेचायला गेले, त्यातून पैसे मागं टाकले. मालकांना सुट्टी नव्हती, म्हणून परवा मामंजींबरोबर फाट्यावर गेले. रशीदभाई मामंजींना म्हणाले, "चाचा, राहू द्या. हेडफोन वापस द्या, हिशोब मिटला." मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. दुकानापुढं एक ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता.

"हेडफोन मिळणार न्हाई," मी म्हणाले. "पैशे पूर्ण घ्या."

चहा पिणारी माणसं वळून बघायला लागली. पदर खांद्यावरच राहिला होता, हे मला तेव्हा कळलं. रशीदभाई ट्रकच्या आवाजात कानाला हात लावून म्हणाले, "काय म्हणाली, भाभी?" माझ्या आधी मामंजीच बोलले, "मला तर बराबर ऐकू आलं. घ्या पैशे."

रशीदभाईंनी नोटा घेतल्या, मोजल्या आणि गल्ल्यात टाकल्या. पूर्ण फिटले.