चार गाठी पाणी

"अप्पा गेले," सुहास फोनवर म्हणाला आणि मी विचारलं, "कुठे?" आम्ही राहतो त्या मलिंगारहून डब्लिनला जाणारी सकाळची गाडी, समोर डोळ्यांत काजळ घालत बसलेली एक मुलगी, माझ्या मांडीवर उघडा लॅपटॉप... आणि सासरे गेल्याची बातमी ऐकून सुनेनं विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याचं कारण आधीच सांगून टाकते. गेले काही महिने मी मनाशी पक्कं धरलं होतं की अप्पांना विसर पडायला लागलाय, एक दिवस ते वर्ध्याच्या घरातून बाहेर पडतील आणि परतीची वाट त्यांना सापडणार नाही. त्यामुळे नवऱ्यानं 'गेले' म्हणताच मला ते कुठल्यातरी चौकात पिशवी धरून उभे राहिलेले दिसले. सुहास म्हणाला, "अगं, पोहे खाऊन पेपर वाचत बसले होते. खुर्चीतच..." मी मेनूथला उतरले आणि पलीकडच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. तिथे उभी असताना मी ऑफिसच्या दोन ईमेलना उत्तरंही दिली. का दिली, कोण जाणे.

याला आता सात आठवडे झाले. वर्ध्याला जाऊन आलो, दिवसवार झाले, शेजारच्या बाईंनी अंड्याची सँडविचेस आणून "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणून झालं. माणूस गेल्यावर दुःख होतं हे ठाऊक होतं. एवढा गोंधळ होतो हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

अप्पा पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून लागले आणि ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. नदीचा आडवा छेद काढणं हे त्यांचं काम. म्हणजे नदी एका जागी सुरीनं कापली तर तळ कुठे खोल, कुठे उथळ दिसेल, त्याची आकृती. मी पुण्याची, त्यामुळे आमची थट्टा ठरलेली असे. "तुमच्या पुण्यात नदी पुलावरून नाक दाबून बघायची असते," असं ते म्हणत आणि मी म्हणे, "तुमच्या वर्ध्यात तरी कुठे वाहते हो, उन्हाळ्यात क्रिकेटच खेळतात की तिच्यात." सासूबाई गेल्यापासून ते दर एप्रिलला आमच्याकडे तीन महिने यायचे. सुहास इथल्या हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर, मी आठवड्यातून तीन दिवस डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकमधल्या ऑफिसात, त्यामुळे शाळेतून ईराला आणायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. दहा वर्षांच्या ईराला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजी, तेही अस्सल मलिंगारचं. अप्पांचं इंग्रजी टेंडरच्या कागदापुरतं. तरी दोघांच्या गप्पा काही संपत नसत.

गेल्या वर्षी ईराच्या शाळेनं एका उपक्रमात भाग घेतला. जगभरातल्या शाळांतल्या मुलांनी आपापल्या गावच्या नदीवरून चित्र, शिल्प, भरतकाम, जे जमेल ते करायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांचं बघायचं. आमच्या गावातून ब्रॉस्ना नावाची नदी जाते. मी सहा वर्षं तिच्यावरून ये-जा करत होते, पण ती नदी आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, मला तो ओढाच वाटायचा. मिस केलींनी, म्हणजे ईराच्या टीचरनी, मुलांना सांगितलं की आधी नदीजवळ वेळ घालवा, मग कागदाला हात लावा. अप्पांनी ते खात्याचा आदेश असल्यासारखं मनावर घेतलं. या देशात कपडे वाळत घालायच्या दोरीला तसंही फारसं काम नसतं. त्यांनी माझी दोरी घेतली, तिला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या, जुन्या पायजम्याच्या कापडाची वीतभर लांब पिशवी शिवून त्यात खडे भरले आणि तिचं तोंड दोरीच्या टोकावर शिवून टाकलं. रोज शाळा सुटली की आजोबा-नात पुलावर. अप्पा दर दोन पावलांवर थांबून दोरी सोडत, ईरा भिजलेल्या गाठी मोजून वहीत लिही. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, मासे लागतायत का? अप्पा म्हणाले, "नो फिश. ओन्ली डेप्थ." तो म्हणाला, "ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', आणि कुत्र्याला घेऊन पुढे गेला. हे ईरानं मला जेवताना सांगितलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो. एका ठिकाणी पिशवी लोखंडावर आपटली, ते कुठल्यातरी सुपरमार्केटच्या ट्रॉलीचं चाक निघालं, हेही तेव्हाच सांगितलं असणार. माझं लक्ष नव्हतं.

मग चित्र तयार झालं. आलेख कागदावर खालून तपकिरी रंगाचा तळ, त्यावर निळा, इतका सपाट आणि स्वच्छ निळा की ब्रशचा एक ओरखडा दिसेल तर शपथ. कडेला आकडे. तळाशी ते चाक, मला तो नुसता गोल वाटला. ईरानं रंगवलं होतं, अप्पांनी फक्त रेघा मारायला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं आणि मी ते आदल्या संध्याकाळी पाहिलं. "अप्पा, हे चित्र नाहीये हो," मी म्हणाले, "हे खात्याचं काम आहे. झाड नाही, पूल नाही, एक हंस नाही."

"वरून जे दिसते ते आभाळच असते की," ते म्हणाले. "नदी खाली राहते."

"बाकीच्या मुलांची चित्रं बघा आणि हे बघा. पोरीला हसतील सगळे."

मी ईराकडून घाईघाईनं हंसांचं नवं चित्र करून घेतलं. ती रडली, मग काढलं तिनं. अप्पा तिच्या शेजारी बसून पेन्सिलींना टोक करून देत होते. मध्येच म्हणाले, "मान जरा बारीक कर बेटा, हंस आहे तो, बदक नाही." आलेख कागद मी गुंडाळला आणि गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं ना, इथे ज्याला हॉट प्रेस म्हणतात, त्यात टॉवेलांच्या वर ठेवून दिला.

लायब्ररीत प्रदर्शन लागलं. जगातल्या इतर शाळांची कामं पडद्यावर दिसत होती. कुणी नदीच्याच चिखलानं रंगवलं होतं, कुणी दोऱ्यानं नदी विणली होती, एका मुलीनं फक्त पाण्यातले आजीचे पाय काढले होते. मलिंगारच्या भिंतीवर हंसच हंस. त्यात माझ्या मुलीचा कुठला, ते मलाही शोधावं लागलं. अप्पा कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका चित्रासमोर बराच वेळ थांबले. त्यात पाणी नव्हतंच, नुसती वाळू आणि शेळीच्या खुरांचे ठसे. "हे खरं रीडिंग," ते म्हणाले. परतताना गाडीत पुढे म्हणाले, "नोकरीत मी शेकडो छेद काढले. पण मोजून आणलेलं रीडिंग दुसऱ्याचं असायचं, रेघ माझी. स्वतः दोरी सोडली ती इथंच, पहिल्यांदा." मी "हो का," म्हटलं. फोनवर रस्ता बघत होते... घरचाच रस्ता.

जुलैत ते परत गेले. त्यानंतर दर शनिवारी पोहण्याचा क्लास संपला की सुहास ईराला पुलापाशी न्यायचा आणि स्वतः गाडीत बसून मेसेज बघायचा. ईरा टॅबलेटवर आजोबांशी बोलायची. गप्पा मारतात, एवढंच आम्हाला वाटे. जानेवारीतल्या एका शनिवारी सुहासला ड्यूटी होती म्हणून मी गेले. पुलापासून थोड्या अंतरावर असतानाच ईराचा आवाज आला, "थ्री, आजोबा!" टॅबलेटमधून अप्पा म्हणाले, "चार." "थ्री!" "चार." दोघंही हसत होती. मला काही हसू आलं नाही. पोर तीन सांगते आहे आणि ज्या माणसाचं आयुष्य आकड्यांत गेलं, त्याला तीन हा आकडा धरून ठेवता येत नाही. त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "केतकी, ते चाक अजून तिथंच आहे का ग?" कसलं चाक, मला काहीच कळेना. मी त्यांना सायकलची आठवण होत असेल असं धरलं.

मी निर्णय पटकन घेते. ऑफिसात याचं कौतुक होतं. वर्ध्याला राहणाऱ्या माझ्या नणंदेला, वंदनाताईंना, फोन करून अप्पांना नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. तिथे स्मृतीच्या चाचणीत त्यांना कागद देऊन घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. अप्पांनी कागद आडवा-उभा करून बघितला आणि विचारलं, "स्केल काय घेऊ?" ताई हे हसत हसत सांगत होत्या. डॉक्टरांचं म्हणणं, वयाच्या मानानं सगळं ठीक. पण मला ऐकू आलं ते फक्त "स्केल काय घेऊ." सुहास म्हणाला, "अगं, रिपोर्ट तर चांगला आहे." मी म्हणाले, "तू हाडांचा डॉक्टर आहेस. एकटे येणार, मध्ये विमान बदलणार, हरवले तर?" एप्रिलचं तिकीट मी रद्द केलं.

"अप्पा, यंदा नको. तब्येत सांभाळा, पुढच्या वर्षी बघू."

"बरं," ते म्हणाले. मग, "ईराला सांगितलं का?"

ईराला मी सांगितलं की आजोबांना बरं नाही. ती म्हणाली, "ही'ज ग्रँड, आई. आय वॉज टॉकिंग टु हिम सॅटरडे." मी म्हणाले, तू लहान आहेस, तुला नाही कळायचं. मार्चमध्ये अप्पा गेले.

वर्ध्याहून निघताना वंदनाताईंनी एक वही हातात ठेवली. वरती अप्पांच्या छापल्यासारख्या अक्षरात 'ब्रॉस्ना, मलिंगार, पुलाखाली'. आत तीन रकाने होते, तारीख, ईरा आणि प्रत्यक्ष. जुलैपासून एकही शनिवार सुटलेला नव्हता. ईराच्या रकान्यात दोन, तर प्रत्यक्षमध्ये तीन. ईराच्या तीन, प्रत्यक्ष चार. मध्येच शेरा: 'चाक वाहून गेले. निरीक्षण ईराचे.' शेवटची नोंद ते गेले त्याच्या दोन दिवस आधीची. विमानात मी ती वही पुन्हा पुन्हा चाळत होते. चाकाचा उलगडा झाला होता आणि मान वर करवत नव्हती. पण तो एक जास्तीचा आकडा? हा माणूस चुकत होता तर इतक्या शिस्तीत, इतक्या सुंदर अक्षरात, दर वेळी तेवढंच कसा चुकत होता? सुहासला दाखवलं. त्यालाही सांगता येईना.

घरी आल्यावर ईराला विचारलं, "आजोबा नेहमी एक जास्त का ग सांगायचे?"

मी ऑफिसातल्या नवख्यांकडे बघते तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. मागच्या दाराजवळच्या खुंटीवरून तिनं दोरी काढली आणि टोकाची पिशवी माझ्या हातात दिली. "द फर्स्ट नॉट इज इन द बॅग, आई. आय से द वन्स आय कॅन सी. ही से'ज द रिअल वन. दॅट्स द गेम." मी पिशवी चाचपली. शिवलेल्या तोंडाच्या आत, कापडाखाली, खड्यांना टेकून एक घट्ट गाठ होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"यू नेव्हर आस्क्ड."

मला अजून काही कळत नाही. तिकीट का रद्द झालं ते अप्पांना कळलं होतं का? नागपूरला का नेलं ते? कळलं असेल तर "बरं" एवढंच का म्हणाले? मला स्वतःची लाज वाटते, हे तर आहेच. पण खरं सांगायचं तर अप्पांचाही राग येतो. एकदा तरी म्हणायचं होतं, "केतकी, पिशवीत बघ." माणसानं इतकं गप्प राहू नये. मग वाटतं, म्हणाले असते तर मी ऐकलं असतं का? त्यांनी गाडीत सांगितलं तेव्हा मी घरचा रस्ता बघत होते. दिवसातून तीनदा मी या सगळ्याचा वेगळा अर्थ लावते आणि रात्री तो टिकत नाही.

आलेख कागदाचं चित्र सुहासनं हॉट प्रेसमधून काढून स्वयंपाकघरात लावलं आहे. येणारे विचारतात, हे काय? ईरा सांगते. मिस केलींना दाखवू का, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, नको, आता ते आजोबांचं आहे.

गेल्या शनिवारी पोहणं झाल्यावर मी तिला पुलापाशी नेलं. टॅबलेट गाडीतच राहिला, कारण तो आता कशाला हवा, हे आम्हा दोघींनाही नीट कळत नव्हतं. पाऊस पडून गेला होता, पाणी गढूळ होतं. तिनं दोरी सोडली, पिशवी तळाला टेकल्याचा अंदाज घेतला, ओढून वर काढली आणि भिजलेल्या गाठी बोटांनी मोजल्या. "थ्री," ती म्हणाली. अप्पांची वही उघडून तिनं तारीख घातली, आपल्या रकान्यात तीन लिहिले आणि पेन तसंच धरून थांबली. आधी पाण्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. मला कळायला जरा वेळ लागला.

"चार," मी म्हणाले.

तिनं लिहिलं.