अक्काच्या हातचं पाणी

अक्का गेली त्या सकाळी हिंगोलीकडच्या गोरेगावात आमच्या दारात पहिला माणूस आला तो आमचा चुलता. ओट्यावर टेकला, गमछ्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, “सुटली बिचारी. तुमी बी सुटलात.” महिना झाला, ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. कोण सुटलं? कशातून? जन्मापासून हृदयाला भोक असलेली माझी बहीण बेचाळीस वर्षं जगली आणि तिनं या गावाकडं कधी काही मागितलं नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं, की मी दिलेलं पाणी प्या.

‘डाऊन सिंड्रोम’ हे नाव आमच्या घरी आलं ती वीस वर्षांची झाल्यावर, हिंगोलीच्या एका डॉक्टरबाईंकडून. तोवर गावानं ‘येडी’ हे नाव घरपोच दिलेलंच होतं. आईनं मात्र तिला एक काम शिकवलं. दारात माणूस आलं की माठातून तांब्या भरायचा, ग्लासात ओतायचं आणि ग्लास दोन्ही हातांनी द्यायचा. शिकायला एक अख्खा उन्हाळा गेला, पण नंतर ती कधी चुकली नाही. “घे, पाणी घे” म्हणायची आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोर हसत उभी राहायची.

आणि आमची माणसं? ज्यांच्या आजोबांच्या ओंजळीत गावानं वरून पाणी ओतलं, त्यांना आडाला हात लावू दिला नाही, त्यांचीच ही नातवंडं. दर जयंतीला पाण्याच्या हक्कावर घसा बसेपर्यंत बोलणारी. तीच माणसं अक्काचा ग्लास हळूच खाली ठेवायची. “तहान न्हाई बाई.” ती आत वळली की आईला म्हणायची, “वहिनी, तुमी द्या की. तिच्या हातचं नको वाटतंय.” आई मुकाट्यानं दुसरा ग्लास भरायची. मला तिचाही राग यायचा.

पण माझंही सांगायला हवं, नाही तर मला हे लिहायचा हक्क नाही. माझ्या लग्नाआधी पुसेगावहून मुलीचे वडील घर बघायला आले, तेव्हा मी अक्काला मागच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. माणसांचा आवाज ऐकून ती दारावर थापा मारू लागली. तिचं बोलणं पाहुण्यांना कळण्यासारखं नव्हतं. मला कळत होतं... “पाणी देते, पाणी देते.” पाहुण्यांनी विचारलं तसा चुलता म्हणाला, “शेळी हाये आत, व्यायला झालीय.” मी मान हलवली. शाळेत समतेचा धडा शिकवणारा मी! लग्नातही तिला मावशीकडं ठेवलं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी रेखानं, माझ्या बायकोनं, सहज विचारलं, “बाबा म्हणत होते, मागच्या खोलीत तुमची शेळी व्यायला झाली होती, दारावर धडका देत होती. कुठंय?” तेवढ्यात मावशीकडून परतलेली अक्का ग्लास घेऊन आली. रेखानं तिच्याकडं पाहिलं, मग मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून असलेल्या कडीकडं. घटाघटा पाणी प्याली आणि म्हणाली, “आणखी द्या, अक्का.” माझ्याशी ती आठ दिवस बोलली नाही. वडिलांना मात्र तिनं काही सांगितलं नाही. ते काम तिनं माझ्यावर सोडलं होतं आणि मी ते बारा वर्षं टाळलं.

आठव्या दिवशी अक्काचा जलदान विधी झाला, आम्हा बौद्धांत गेलेल्या माणसासाठी करतात तो. गाथा चालू असताना तांब्यातून ओतलेल्या पाण्यानं वाटी भरत गेली, सगळ्यांनी हात जोडले. मग एकेक जण उठून बोलला... देवमाणूस होती, निष्पाप होती, गावाची लाडकी होती. तिच्या हातचा घोट न घेतलेली तोंडं! माझी पाळी आली तेव्हा समोर सासरे बसले होते. मी म्हणालो, “मामा, त्या दिवशी आत शेळी न्हवती. माझी अक्का होती.”

रेखा उठली, अक्काचा ग्लास भरून तिनं दोन्ही हातांनी चुलत्यापुढं धरला. तो म्हणाला, “तहान न्हाई पोरी.”

तो ग्लास माठावर पालथा आहे. घरी कुणीही आलं तरी आम्ही त्याच ग्लासात पाणी देतो, अक्काचा ग्लास आहे असं सांगून देतो आणि रिकामा होईपर्यंत समोर उभे राहतो. फक्त आम्हाला तिच्यासारखं हसता येत नाही.